बालवाडीतील मुलांच्या परिसरभेटी : एक लांबची सहल की जवळच्याच जागी वारंवार जाणे?

पाऊलवाट (धागाकर्ती)

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना घेऊन बाहेर जायचे म्हटले की बालवाडीत पहिली चर्चा होते ती वार्षिक सहलीची. वाहन कोणते ठरवायचे, प्राणिसंग्रहालय की बाग, सोबत किती पालक येणार, यांतच सगळी शक्ती खर्ची पडते, आणि तो एक दिवस सुखरूप पार पडला की बाहेरचे शिक्षण वर्षभरापुरते उरकले असे आपण धरून चालतो. या वयोगटासोबत अनेक वर्षे काम करताना माझे मत पक्के होत गेले ते असे, की लांबच्या एका सहलीपेक्षा बालवाडीपासून पायी जाता येईल अशा दोन-तीन जागी वर्षभर पुन्हा पुन्हा गेल्याने मुलांना कितीतरी अधिक मिळते. त्याची कारणे येथे सविस्तर मांडते. आपापले अनुभव आणि हरकती दोन्ही जरूर लिहाव्यात.

नव्या जागी गेलेले लहान मूल प्रथम त्या जागेचा अंदाज घेत असते. ताई कुठे उभ्या आहेत, शू लागली तर कुठे जायचे, तो मोठा आवाज कशाचा आला, आई न्यायला कधी येणार, हे प्रश्न मनात असेपर्यंत समोरचा हत्तीसुद्धा त्याला नीट दिसत नाही. सहलीहून परतल्यावर काय पाहिले असे विचारले तर अनेक मुले बसचा भोंगा नाहीतर मित्राला झालेली उलटी सांगतात, आणि मोठ्यांना वाटते की मुलाचे लक्षच नव्हते. लक्ष होते, ते त्या अनोळखी जागेत आपले ठिकाण शोधण्यात गुंतले होते. तीच जागा दुसऱ्यांदा पाहताना ही काळजी बरीच ओसरलेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून मुले तिथल्या गोष्टी एकमेकांना दाखवू लागतात. ‘मागच्या वेळी इथे पाणी होते’ असे चार वर्षांचे मूल आपणहून म्हणते तेव्हा त्यात आठवण, तुलना आणि काळाची जाणीव सगळे एकदम आलेले असते.

एक उदाहरण देते. आमच्या नेहमीच्या वाटेवर एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग असते. एका भेटीत एका मुलीने त्या रांगेवरून आडवे बोट फिरवले. जिथे बोट फिरले तिथे येणाऱ्या मुंग्या थबकल्या, दोन्ही बाजूंना सैरभैर फिरू लागल्या, काही मागे वळल्या, आणि थोड्या वेळाने एकीने ती पट्टी ओलांडल्यावर हळूहळू रांग पुन्हा सांधली गेली. ती मुलगी आणि तिच्या शेजारी उकिडवी बसलेली मुले हे सगळे होईपर्यंत जागची हलली नाहीत. मुंग्या चालताना जमिनीवर गंध सोडतात आणि बाकीच्या त्या गंधाच्या मागावर येतात, हे मी त्या वेळी सांगितले नाही. ‘त्या का थांबल्या असतील?’ एवढेच विचारले. एकीचे म्हणणे पडले की त्यांना बोटाचा वास आला, तर एकाचे म्हणणे की त्यांचा रस्ता पुसला गेला. दोन्ही उत्तरे खऱ्या कारणाच्या अगदी शेजारी पोहोचलेली आहेत. पुढच्या भेटीत मुलांनी आपणहून त्याच रांगेवर काडी आडवी टाकून पाहिली, मग पान, मग पाण्याचा थेंब. जागा तीच होती म्हणून हा प्रश्न मधल्या दिवसांत त्यांच्या डोक्यात टिकून राहिला. एकदाच जाण्याच्या ठिकाणी तो तिथेच राहिला असता.

अशा भेटीत शिक्षिकेने बोलायचे कमी असते, आणि हेच सर्वांत अवघड जाते. आपण सतत नावे सांगत सुटतो, हे अमुक झाड, हा तमुक पक्षी, म्हणा बरे सगळ्यांनी. नाव मुलाला जरूर द्यावे, परंतु त्याने ती गोष्ट पुरेशी न्याहाळल्यानंतर किंवा त्याने विचारल्यानंतर. चालीचेही तसेच. मोठ्यांच्या दहा मिनिटांच्या वाटेला मुलांसोबत पाऊण तास लागला तर ती वाट वाया गेली असे समजू नये. ठरलेल्या ठिकाणी पोहोचलोच नाही, तरी काही बिघडत नाही.

दोन मुलांची आई

आपले लेखन आवडले, तरीही पालक म्हणून दोन शंका आहेत. पहिली सुरक्षिततेची. वर्गाला भिंती आणि दार असते. रस्त्यावर वीस मुले आणि दोन मोठी माणसे हे चित्र डोळ्यांसमोर आले तरी छातीत धस्स होते. माझा धाकटा मुलगा हात सोडून पळतो, आणि तसे पळणारे प्रत्येक वर्गात कोणीतरी असतेच. दुसरी शंका विचारताना संकोच वाटतो, परंतु अनेक पालकांच्या मनात ती असते म्हणून लिहिते. पुढच्या इयत्तेत प्रवेश घेताना मुलाला अक्षरे आणि अंक येतात का हे पाहिले जाते, मुंग्यांची रांग कोणी विचारत नाही. आठवड्यातील एक सकाळ बाहेर गेली तर ती भरपाई कशी होते?

जुने मैदान

बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात माझे बरेच आयुष्य गेले आहे, म्हणून दुसऱ्या शंकेच्या निमित्ताने थोडा इतिहास सांगतो. बाहेर नेणे ही बालशिक्षणात मागाहून घातलेली भर नाही. हे शिक्षण सुरू झाले तेच बाहेर. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि त्यांच्या मांडणीत प्रत्येक मुलाला स्वतःचा लहानसा वाफा आणि सर्वांचा मिळून एक सामायिक बगीचा होता. आपण पेरलेले उगवते की नाही याची जबाबदारी मुलावर, आणि शेजारच्या वाफ्याशी कसे वागायचे हेही त्यातच. लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मार्गारेट आणि रेचल या मॅकमिलन भगिनींनी १९१४ मध्ये खुल्या हवेतील बालशाळा उभी केली. तिथे बाग हाच मुख्य वर्ग होता आणि छप्पर असलेली जागा केवळ निवाऱ्यापुरती. तिथली मुले कोंदट खोल्यांतून येत आणि आजारी असत, त्यामुळे उघडी हवा ही तिथे निकडीची गरज होती.

परिसरभेटींच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे नाव वाटते ते न्यूयॉर्कच्या ल्यूसी स्प्रेग मिचेल यांचे. त्यांनी १९१६ मध्ये शिक्षणविषयक प्रयोगांसाठी एक संस्था स्थापन केली, आणि लहान मुलाच्या शिकण्याची सुरुवात त्याच्या आसपासच्या रस्त्यांपासून, वाहनांपासून, कामे करणाऱ्या माणसांपासून झाली पाहिजे असा आग्रह धरला. ज्या शिक्षकाने स्वतः परिसर पाहिलेला नाही तो मुलांना तो दाखवू शकत नाही, म्हणून त्या शिक्षकांनाही भटकंतीला नेत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे केलेले काम याच जातीचे आहे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर भरवावी, इतका साधा आणि धाडसी विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. तिथे साधने आली ती खडे, बिया, पाने, शिंपले यांच्या रूपाने.

आता अक्षरे आणि अंक. खड्यांचे लहान-मोठे ढीग लावणारे मूल वर्गीकरण करत असते. पाने लांबीप्रमाणे मांडणारे मूल क्रम लावत असते. ‘आपण सगळे आलो का, मोजा पाहू’ या रोजच्या प्रश्नात मोजणीला कारण असते. दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांवर आपल्या नावातील अक्षर ओळखणे हा या वयातील वाचनाचा पहिला उत्साह असतो. ताईंनी भरपाईची चिंता करण्याऐवजी भेटीत काय घडले ते पालकांना नेमक्या शब्दांत सांगावे, म्हणजे बहुतेकांची शंका फिटते असा माझा अनुभव आहे.

पाऊलवाट (धागाकर्ती)

मैदान सरांचे मनापासून आभार. सुरक्षिततेविषयी मी तपशिलात लिहिते, कारण पालकांची भीती रास्त आहे आणि ‘काही होत नाही हो’ हे तिचे उत्तर होऊ शकत नाही.

मुलांना नेण्याआधी शिक्षिकेने ती वाट एकटीने, त्याच वारी आणि त्याच वेळी, चालून पाहिली पाहिजे. सकाळी नऊला शांत असलेला रस्ता साडेदहाला मालवाहू गाड्यांनी भरलेला असू शकतो. चालताना एकदा खाली बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहावे. उभ्या गाडीच्या पलीकडचे आपल्याला दिसते, मुलाला दिसत नाही; आणि चालकालाही त्या गाडीआडचे मूल दिसत नाही. येणारे वाहन किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा मेळ घालणे या वयात जमतच नाही, म्हणून रस्ता ओलांडण्याचा निर्णय कधीही मुलावर सोपवू नये, मग ते कितीही समंजस असो. रस्त्यालगत चालायचे असेल तर तीन वर्षांच्या मुलांसाठी एका मोठ्या माणसामागे तीन ते चार मुले आणि पाच वर्षांच्यांसाठी फार तर सहा, यापलीकडे मी जात नाही. तेवढी माणसे नसतील तर त्या दिवशी निम्मा गट जातो आणि निम्मा अंगणात खेळतो.

पळणाऱ्या मुलाबद्दल आपण लिहिलेत ते फार उपयोगी आहे. अशा मुलाला सारखे दटावण्यापेक्षा बाहेर जाण्याच्या कितीतरी दिवस आधी अंगणातच परत येण्याचा खेळ सुरू करावा. ठरावीक टाळी किंवा गाण्याची एक ओळ ऐकली की असेल ते सोडून ताईंना येऊन चिकटायचे, एवढाच खेळ. सर्व मुलांना तो अंगवळणी पडेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाही. शिवाय पळणाऱ्याला काम द्यावे. भिंगांची पिशवी त्याच्या हातात असेल आणि ताईंच्या शेजारी चालण्याचा मान त्याचा असेल, तर त्याचे पाय बरेचदा आपोआप जागेवर राहतात. शिरगणती फाटकातून निघताना, प्रत्येक रस्ता ओलांडल्यावर, पोहोचल्यावर, निघताना आणि परतल्यावर करावी, आणि ती एकाच व्यक्तीने मोठ्याने करावी. सगळ्यांत मागे चालणारी व्यक्ती अनुभवी हवी, कारण पुढच्या माणसाला फक्त वाट दिसते, सगळी मुले दिसतात ती मागच्याला. मुलाच्या कपड्यावर बालवाडीचे नाव आणि दूरध्वनी असावा, मुलाचे नाव मात्र दर्शनी नसावे. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजते.

एक फरक मात्र मला मोठ्या आस्थेने सांगायचा आहे. फुटलेली काच, लोंबणारी तार, उघडा हौद, भटक्या कुत्र्याची पिले असलेला कोपरा, हे धोके मुलाला ओळखता येत नाहीत, म्हणून ते आपण आधीच दूर करायचे किंवा ती जागाच टाळायची. परंतु दगडावर किती उंच चढायचे, उतारावरून किती जोरात धावायचे, हे मूल स्वतः अजमावू शकते, आणि ते अजमावण्यातूनच त्याला शरीराचा अंदाज येतो. नॉर्वेच्या एलेन बियाटे हान्सेन सांडसेटर यांनी मुले खेळात आपणहून शोधतात त्या जोखमींचे उंची, वेग, धारदार अवजारे, आग-पाण्यासारखी तत्त्वे, झोंबाझोंबी आणि एकट्याने दूर जाणे असे सहा प्रकार सांगितले आहेत. या वयाला त्यांतील उंची, वेग आणि झोंबाझोंबी आपल्या देखरेखीत सहज देता येतात. आमचा नियम असा की मुलाला उचलून झाडावर किंवा दगडावर कोणी ठेवायचे नाही. जे मूल स्वतः चढते ते बहुधा स्वतः उतरूही शकते, आणि उचलून ठेवलेल्याला उतरता येत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सूट देत नाही. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना बहुधा ओरडत नाही, म्हणून पाण्याकाठी एक मोठी व्यक्ती केवळ पाण्याकडे तोंड करून उभी असते आणि दुसरे कोणतेही काम करत नाही.

क्षितिज

धाग्यातील मूळ विधानाशी मी सहमत नाही, आणि ते नम्रपणे नोंदवतो. जवळच्या जागा हव्यातच, परंतु लांबच्या सहलीला इतके कमी लेखू नये. काही गोष्टींना पर्याय नसतो. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला तो कोपऱ्यावरच्या डबक्यावरून कळणार नाही. आधी आठवडाभर चाललेली तयारी, त्या सकाळचा उत्साह, सगळ्यांनी मिळून एका वाहनात बसणे, परतीच्या वाटेवर मित्राच्या खांद्यावर झोपणे, हेही शिक्षण आहे, आणि ज्या कुटुंबांना स्वतःहून कुठे जाणे परवडत नाही त्यांच्या मुलांसाठी तर बालवाडी ही एकमेव संधी असते. माझ्या नातवाला दोन वर्षांपूर्वीची सहल अजून आठवते.

पाऊलवाट (धागाकर्ती)

क्षितिज काका, परवडण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. सहल करू नये असे मी म्हणत नाही. तिच्यामुळे वर्षभराच्या भेटी बाजूला पडतात याला माझा विरोध आहे. ज्या मुलांना बाहेर वावरण्याची सवय आहे त्यांची मोठी सहलही अधिक निवांत होते, कारण रांग, टाळी, मोजणी, पाणी पिण्याचे थांबे हे सर्व त्यांना ठाऊक असते आणि समुद्रासाठी डोळे मोकळे राहतात. मोठ्या सहलीला जायचे असेल तर ती वर्षाच्या अखेरीस ठेवावी, सुरुवातीला नव्हे, एवढे माझे म्हणणे.

सावली

माझ्या केंद्रात मी आणि एक मदतनीस एवढ्याच आहोत. आजूबाजूला बाग नाही, झाडेही मोजकी, सगळी दुकाने, कारखाने आणि बांधकामे. वाचताना वाटत होते की हे सगळे मोकळी जागा असलेल्यांसाठी आहे. आमच्यासारख्यांनी काय करावे?

कामाची माणसे

सावलीताई, आपल्याकडे दुकाने आणि बांधकामे आहेत हे मी भाग्य समजेन. मुलांना झाडांइतकेच, कधीकधी त्याहून अधिक, काम करणाऱ्या माणसांच्या हातांचे वेड असते. मी अनेक वर्षे अशा भेटी घडवून आणल्या आहेत, त्यावरून काही सांगते.

बांधकामाची जागा रस्त्याच्या पलीकडून, सुरक्षित अंतरावरून, दर आठवड्याला त्याच ठिकाणी उभे राहून पाहावी. आत जायचे नाही. पहिल्या भेटीत खड्डा असतो आणि मुलांना वाटते की काहीतरी मोडले आहे. मग सळया उभ्या राहतात, फळ्या ठोकल्या जातात, काँक्रीट ओतले जाते, आणि फळ्या काढल्या की आत खांब उभा दिसतो. ‘फळ्या कशाला लावल्या होत्या?’ याचे उत्तर मुलांनी वाळू ओली करून वाटीत दाबून आणि वाटी उपडी करून स्वतः शोधले, तेव्हा मी बाजूला नुसती उभी होते. घर खालून वर का जाते, वरून खाली का येत नाही, यावर पाच वर्षांच्या मुलांमध्ये किती गंभीर वाद होतो हे ऐकण्यासारखे असते.

टपालाची भेट करायची तर नुसते कार्यालय पाहू नये. प्रत्येक मुलाने स्वतःच्या घरच्या पत्त्यावर पाठवायचे चित्र काढावे, तिकीट स्वतः चिकटवावे आणि पेटीत स्वतः टाकावे. पुढचे काही दिवस रोज सकाळी कोणाचे आले, कोणाचे नाही, याची चौकशी होते. जवळ राहणाऱ्याचे उशिरा आणि लांबच्याचे आधी आले तर प्रश्न आणखी वाढतात. शिंप्याकडे, सुताराकडे, चांभाराकडे पाच-सहा मुलांच्या गटानेच जावे, आणि आधी त्यांना भेटून सांगावे की भाषण नको, मुलांशी मुद्दाम बोलायलाही नको, आपण रोजचे काम करत राहा आणि मुलांना जवळून पाहू द्या. रंध्याखालून निघणारी लाकडाची गुंडाळी हातात मिळाली की मुलाला आणखी काही द्यावे लागत नाही. वीस मिनिटे पुरेशी होतात, आणि त्याच माणसाकडे पुन्हा जावे. दुसऱ्या वेळी तो मुलांना ओळखतो आणि मुले त्याला.

अग्निशमन केंद्राची भेट सर्वांना आवडते असे आपण धरतो, परंतु श्वसनाचा मुखवटा घातलेला जवान पाहून लहान मुले घाबरतात, आणि ही भीती साधी नाही, कारण आग लागली असता मुले सुटकेसाठी आलेल्या जवानापासून लपण्याचा धोका असतो. म्हणून आधीच विनंती करावी की जवानांनी मुलांसमोर साध्या कपड्यांत यावे, बोलावे, आणि मग एकेक वस्तू अंगावर चढवावी, बूट, अंगरखा, शिरस्त्राण आणि शेवटी मुखवटा. मुखवट्यातून येणारा श्वासाचा आवाज त्यांनी ऐकवावा आणि मग तो काढून पुन्हा हसावे. भोंगा वाजवायचा असेल तर आधी सांगून, आणि ज्यांना नको त्यांना लांब नेऊन.

बालआरोग्य

आरोग्याच्या बाजूने थोडी भर घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनानुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी आणि त्यांतील किमान ६० मिनिटे ती मध्यम ते जोमदार असावी. वर्गात हे साधणे कठीण आहे. डोळ्यांचा विषय त्याहून लक्ष देण्याजोगा आहे. चीनमधील ग्वांगझो येथे १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला होता. तीन वर्षांत लघुदृष्टी (लांबचे धूसर दिसणे) आलेल्या मुलांचे प्रमाण त्या शाळांत सुमारे ३० टक्के आणि इतर शाळांत सुमारे ४० टक्के निघाले. ती मुले बालवाडीपेक्षा मोठी होती हे ध्यानात ठेवावे, परंतु दिशा स्पष्ट आहे.

मातीची भीती बाळगणाऱ्यांसाठी फिनलंडमधील २०२० चा अभ्यास सांगतो. काही पाळणाघरांच्या अंगणांत जंगलातील जमिनीचा थर आणि गवत आणून पसरले, आणि ३ ते ५ वर्षांची मुले त्यात २८ दिवस खेळली. त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही निर्देशांकांतही अनुकूल बदल दिसला. गट ७५ मुलांचा, म्हणजे लहान होता, म्हणून यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परत आल्यावर साबणाने हात धुणे हे तर हवेच.

उन्हाबाबत मात्र सावध राहावे. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असते, त्यामुळे तापलेल्या हवेत त्यांचे शरीर लवकर तापते, आणि तापलेल्या जमिनीजवळची हवा, जिथे त्यांचे डोके असते, ती अधिक गरम असते. खेळात गुंगलेल्या मुलाला तहान कळत नाही; पाणी मागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने सर्वांना थांबवून पाजावे. उन्हाळ्यात भेट सकाळी लवकर आटोपावी.

शांत कोपरा

माझ्या मुलीला मोठे आवाज सहन होत नाहीत, आणि अनोळखी जागी ती कान झाकून जमिनीवर बसते. तिच्या आधीच्या बालवाडीत प्रत्येक सहलीच्या दिवशी ‘तिला आज घरीच ठेवा, तिलाच त्रास होईल’ असे सांगितले जाई. सांगणाऱ्यांचा स्वर प्रेमाचा होता, तरी दुसऱ्या दिवशी सगळी मुले जे बोलत होती त्यात ती कुठेच नव्हती. अशा मुलांसाठी काय करता येते?

पाऊलवाट (धागाकर्ती)

ताई, हे वाचून वाईट वाटले. त्याच जागी वारंवार जाण्याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना होतो त्यांत आपल्या मुलीसारखी मुले आहेत, कारण पुढे काय येणार हे माहीत असणे हा त्यांचा मुख्य आधार असतो. आमच्याकडे अशा मुलांसाठी वाटेवरील खुणांची छायाचित्रे काढून, क्रमाने लावून, आदल्या दिवशी दाखवतात: फाटक, निळी भिंत, झाड, बाक, पुन्हा फाटक. पहिल्यांदा ते मूल एका मोठ्या माणसासोबत, बाकीच्या गटाशिवाय, झाडापर्यंतच जाऊन येते. कान झाकणारे साधन पिशवीत असते. बसावेसे वाटले तर बसण्याची जागा आधी ठरलेली असते आणि तिथे बसणे ही शिक्षा नाही हे सर्व मुलांना ठाऊक असते.

चाकांच्या खुर्चीतील मुलासाठी वाट पाहायला जाताना खुर्ची घेऊनच जावे. एखादी पायरी आडवी आली तर त्या मुलाला वगळण्याऐवजी अख्ख्या गटाची वाट बदलावी. ज्या जागी सगळे जाऊ शकत नाहीत ती जागा आमच्या यादीतून निघते. यावर मी तडजोड करत नाही.

दोन मुलांची आई

माझी भीती बरीच कमी झाली. आणखी एक विचारते. परत आल्यावर काय करावे? आमच्याकडे लगेच ‘सहलीचे चित्र काढा’ असे सांगतात आणि सगळी चित्रे सारखीच येतात.

जुने मैदान

लगेच काही करून घेऊ नये. हात धुवावेत, पाणी प्यावे, थोडे पडून राहावे. दुसऱ्या दिवशी गोलात बसून ‘काल आपण गेलो होतो तिथे...’ एवढे म्हणून शिक्षिकेने थांबावे आणि मुले जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, न सुधारता, मोठ्या कागदावर लिहावे. आपले बोलणे कागदावर उतरते आणि ताई तेच पुन्हा वाचून दाखवतात, हे पाहणे या वयातील लेखनाचा खरा आरंभ आहे. आणलेल्या वस्तूंसाठी एक खालचे फडताळ असावे. खाली पडलेलेच उचलायचे, तोडायचे नाही, आणि जिवंत काही आणायचे नाही. पाने काही दिवसांत वाळतात, रंग बदलतात, चुरगळतात. ती फेकू नयेत, मुलांना तेही पाहू द्यावे. चित्र ज्याला काढायचे असेल तो आपणहून काढतो, आणि मग ती सारखी येत नाहीत.

सावली

सर्वांचे आभार. पुढच्या आठवड्यापासून आधी अंगणात टाळीचा खेळ घेणार आहे. तो जमला की केंद्रासमोरच्या बांधकामाला पलीकडच्या पदपथावरून निम्म्या गटाने भेट, आणि दर वेळी पाळीने दोन पालक. कोणी आजी-आजोबा येऊ शकतील का तेही विचारणार आहे. सोबत येणाऱ्या पालकांना आधी काय सांगावे?

पाऊलवाट (धागाकर्ती)

फार सांगू नका, नाहीतर ते घाबरून उपदेश करू लागतात. कोणती चार मुले त्यांच्याकडे आहेत ती नावानिशी सांगा, आणि स्वतःचे मूल शक्यतो दुसऱ्याच्या गटात ठेवा. भ्रमणध्वनी पिशवीत राहील, छायाचित्रे फक्त आपली मदतनीस काढेल, हे स्पष्ट करा. मूल थांबले तर ‘चल चल’ न म्हणता त्याच्यासोबत थांबायचे, आणि गट पुढे गेला असे वाटले तर मूल ओढण्याऐवजी पुढच्याला हाक मारायची. बांधकामाच्या मुकादमांनाही आदल्या दिवशी भेटून या. कोणत्या वारी काँक्रीट ओतणार आहेत ते त्यांच्याकडूनच कळेल.